क्रँकबेटला ताठ रॉड नको
सात फुटी, मिडियम-हेवी (बऱ्यापैकी ताठ), फास्ट अ‍ॅक्शनचा (फक्त टोकाशी वाकणारा) एकच रॉड, म्हणजे गळाची काठी, बास माशासाठी पुरतो, असं एक मत आहे. ते जिग (वजनदार डोक्याचा गळ) आणि प्लास्टिकच्या किड्यांपुरतं मान्य. तिथे एकच जाड गळ असतो आणि तो जबड्यात रुतवायला ताठ रॉडच लागतो. क्रँकबेटला, म्हणजे ओढलं की पाण्यात खाली जाणाऱ्या माशासारख्या आमिषाला, मात्र बारीक तारेचे तीन टोकांचे गळ असतात, आणि ते बरेचदा ओठाच्या कडेलाच अडकतात. मासा उसळला की ताठ रॉड झटका शोषत नाही, गळ निसटतो. मॉडरेट अ‍ॅक्शनचा, शक्यतो फायबरग्लासचा रॉड मधूनच वाकतो आणि ताण धरून ठेवतो.

आता रील, म्हणजे दोरी गुंडाळायचं यंत्र. रीलचं 7:1 हे प्रमाण म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल (दोरी गुंडाळली जाते ती रीळ) सात वेळा फिरतो. खोल जाणारं क्रँकबेट ओढताना पाण्याचा एवढा विरोध होतो की अशा रीलवर मनगट भरून येतं. इथे टेक्सासात लेक फोर्क तलावावर मी त्यासाठी 5:1 च्या आसपासचाच रील नेतो. दोरी फ्लुरोकार्बनची (एक प्रकारचं प्लास्टिक), कारण ती बुडते. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला मात्र ती अजिबात लावू नका, त्याचं नाक खाली ओढते.