मदत हवी आहे : कबड्डीसाठी बी.पी.एड. की पतियाळाचा कोचिंग डिप्लोमा?

माझा धाकटा भाऊ बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या संघात डावा कोपरा खेळतो. त्याला पुढे प्रशिक्षक व्हायचंय. घरचे म्हणतात बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) कर, शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागशील. (जागा कधी निघतात ते सोडा!)

पण बी.पी.एड. दोन वर्षांचं. त्यात शरीरशास्त्र, मानसशास्त्र, ॲथलेटिक्स, योग, पाठ घेणं, सगळंच थोडं थोडं. त्याला हवंय ते खोलातलं : घोटा कधी धरायचा, पट (मांड्यांची पकड) कधी काढायचा, तीनच गडी उरले असताना सुपर टॅकलसाठी (म्हणजे जादा गुण देणाऱ्या पकडीसाठी) हातात हात धरून साखळी कशी लावायची, तीस सेकंदांच्या चढाईत चढाईपटूचं पाऊल कसं वाचायचं. मातीवर वाढलेल्या पोराला मॅटवरचं पायकाम नव्याने शिकावं लागतं, हे तर कुणी नीट सांगतच नाही.

पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा एका खेळावरच असतो, म्हणून मला तो बरा वाटतो. तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आधी करून बघावा का?

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात किंवा पुण्याच्या आगाशे महाविद्यालयात शिकलेलं कुणी आहे का इथे? कबड्डी स्पेशलायझेशन घेतलं तर मैदानावर रोज खरंच किती वेळ मिळतो? आणि नुसत्या एनआयएसच्या डिप्लोमावर शाळा नोकरीसाठी उभं करत नाहीत, हे खरं का? फी आणि हॉस्टेलचं माहीत असेल तर तेही सांगा.