मदत हवी आहे: आर्केड पॅनेलची बटणं आणि वायरिंग

घरी दोघांसाठी आर्केड पॅनेल (जुन्या व्हिडिओ गेम मशीनसारखा जॉयस्टिक-बटणांचा फलक) बनवतोय. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' या मारामारीच्या गेमसाठी प्रत्येकी सहा बटणं हवीतच, वर तीन पंच, खाली तीन किक. ३० मिमीची बटणं सरळ ओळीत लावू की बोटांच्या वळणाने थोडी वरखाली? मला वळणाची आवडतात, पण मुलांचे हात लहान आहेत.

खरा पेच वायरिंगचा. जॉयस्टिकच्या चार दिशा, स्टार्ट आणि कॉइन (नाणं टाकल्याचा इशारा देणारं) बटण धरून माणशी १२ इनपुट, म्हणजे २४. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला २६ जीपीआयओ (बटणं जोडता येतील अशा पिना) आहेत, थेट जोडू का? की दोन यूएसबी एन्कोडर (बटणांचे सिग्नल यूएसबीतून कॉम्प्युटरला देणारे छोटे बोर्ड) घेऊ? एकसारखे दोन घेतले तर रीबूटनंतर खेळाडू १ आणि २ ची अदलाबदल होते म्हणे. ग्राउंडची एकच वायर सगळ्या मायक्रोस्विचमधून (बटणांखालच्या छोट्या स्विचमधून) साखळीने फिरवली तर चालेल ना? प्लायला भोकं पाडण्याआधी कृपया सांगा.