मुक्कामी गाडी, गावातलं पार्किंग आणि बंदोबस्ताचा खर्च : तुमच्याकडचे अनुभव लिहा

माणदेशी_पाऊल
चैत्रातल्या यात्रेला गावी जाऊन कालच परत आलो. वेशीत शिरताच एका पोराने हात आडवा केला. "दादा, गाडी पारापाशी नाय न्यायची. माळावर लावा, ५० ची पावती फाडा." पावती घेतली, चालत आलो आणि पारापाशी पाय थांबले. पिंपळाखाली जिथे आमची मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री वस्तीला थांबणारी एसटी, उभी राहायची, तिथे लोखंडी बॅरिकेड आणि पोलिसांसाठी घातलेला मांडव.

साडेसातला खिंडीत तिचे दिवे दिसायचे. दिवे दिसले की आजी दोन भाकरी जास्तीच्या थापायची, कारण ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची घराघरांत पाळी असायची. कंडक्टरला सगळं गाव मास्तर म्हणायचं. मास्तर येताना तालुक्याहून कुणाच्या दम्याच्या गोळ्या, गुरुजींचा पेपर, कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा असं काय काय घेऊन यायचे. पहाटे सहाला गाडी निघायची. थंडीत इंजिन लागायचं नाही, मग आम्ही पोरं धक्का मारायला. दुधाच्या किटल्यांबरोबर डबे जायचे, तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे. माझी अकरावी-बारावी त्या डब्यावर झाली. आईने कडीला हिरवी चिंधी बांधली होती, स्टँडवर ती लांबूनच दिसायची. पावसाळ्यात ओढा आला की गाडी नाही, गाडी नाही म्हणून डबा नाही. त्या दिवशी खोलीतले पाचजण एकाच्या गूळ-शेंगदाण्यावर.

२०२१ च्या शेवटी एसटीचा संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मुक्कामाची गाडी तेव्हा थांबली ती पुन्हा आली नाही. दिवसा दोन फेऱ्या आहेत. घरटी मोटारसायकल आली, मग चारचाक्या आल्या आणि यात्रेला त्या सगळ्या एकाच दिवशी गावात. कमिटीची वही बघितली. पूर्वी मोठा आकडा तमाशाचा असायचा. आता पार्किंगच्या शेताचं भाडं, बॅरिकेड, सीसीटीव्ही, बंदोबस्तावरच्या माणसांचं दोन दिवसांचं जेवण. घरटी वर्गणी ५०० ची १२०० झाली. आई म्हणाली, "वस्तीची गाडी असती तर निम्मी पोरं गाडीनंच आली असती."

तुमच्याकडे काय आहे? सगळं लिहा, लहानसहान पण.

सुगरण_नांदेड
डबा!! वाचूनच डोळ्यात पाणी आलं हो. आमच्या दादाचा पितळी चार खणांचा होता, त्यावर आबांनी खिळ्याने नाव कोरलेलं. एकदा अदलाबदल झाली आणि दादाला कुणाचं तरी मटण आलं. आमचं माळकरी घर. दादाने खाल्लं की नाही ते त्याने आजतागायत सांगितलं नाही 😄
बाकीचं रात्री लिहिते, कुकर लावलाय.

फाट्यावरचा
लेकीसाठी लिहितो. आमचा तालुका सरकारच्या मानव विकास योजनेतल्या १२५ तालुक्यांत आहे. निळी बस येते, मुलींना पास फुकट, पोरगी आठवीपासून तिच्यातच जाते. ही बस नसती तर तिची शाळा सातवीलाच संपली असती, शंभर टक्के. माझ्या बहिणीची तशीच संपली. अडचण संध्याकाळची आहे. शाळा पाचला सुटते, गाडी कधी साडेपाचला तर कधी सातला. तोवर आठ-दहा मुली फाट्यावर. तिथे दिवा नाही, पिकअप शेडला छप्पर नाही. मग आम्ही तीन बाप आळीपाळीने रोज पाच वाजता फाट्यावर जाऊन बसतो. कापसाची वेचणी चालू असली तरी. पोलीस गाडी आठवड्यातून एखादी फेरी मारते, त्यांनाही पन्नास गावं बघायची. पण शाळा सुटायच्या वेळेला अर्धा तास एक होमगार्ड जरी मिळाला तर तीन माणसांची तीन संध्याकाळची कामं वाचतील.

घाटमाथा
+१ फाट्यावरचा. तुम्हा तिघा बापांना नमस्कार.

आबोली_देवगड
आमच्याकडे गणपतीत. वाडीतला रस्ता बैलगाडीच्या मापाचा, दोन्हीकडे दगडी गडगे. मुंबई-पुण्याचे चाकरमानी स्वतःच्या गाड्या घेऊन येतात, आनंदच आहे, वर्षातून एकदा तर घरं उघडतात. पण गाड्या लावायच्या कुठे? तीन वर्षांपूर्वी गौरी जेवणाच्या दिवशी माझ्या सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका तिठ्यावर येऊन थांबली, आत सतरा गाड्या एकामागे एक. सतरा, मी नंतर मोजल्या. चार मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सासूबाईंना पाखाडीच्या पायऱ्यांवरून खाली आणलं. वाचल्या. आत्ता समोर बसून मोदकाच्या पाऱ्या करतायत, मी लिहितेय ते त्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक झाली. तेव्हापासून सगळ्या गाड्या देवळामागच्या मैदानात, वाडीत फक्त सामान उतरवायला यायचं. पावती नाही, पैसे नाहीत. रात्री दोन मुलगे राखणीला असतात, त्यांना चहा आणि भजी ज्याची आरती असेल त्याच्याकडून. आणि आता तीन घरांनी मिळून गट आरक्षण करून थेट वाडीपर्यंत एसटी आणायला सुरुवात केलीय. चाळीस माणसं एका गाडीत आली म्हणजे दहा मोटारी कमी.

माणदेशी_पाऊल
आबोलीताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. राखणीची पद्धत आमच्या कमिटीला कळवतो.

खाकीतलं_घर
मी पोलिसाची बायको. एक बाजू माझी पण ऐका. यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेला माणूस दोन-तीन दिवस झेडपीच्या शाळेत बाकं जोडून झोपतो. संडास पोरांच्या मापाचे, पाणी टँकरचं. मागच्या वर्षी आमच्या ह्यांनी एका गावाहून फोन केला, "आज एका आजीनं पिठलं-भाकरी आणून दिली, वर ठेचा. इतकं चांगलं कित्येक महिन्यांत जेवलो नव्हतो." त्या आजी कोण मला माहीत नाही, पण दर यात्रेला आठवण येते. म्हणून वहीत जेवणाचा खर्च दिसला की तो नको म्हणू नका हो. त्यांच्या मागे दुसरं कुणी डबा पाठवत नाही.
होमगार्डना पूर्वी दिवसाला ५७० मिळायचे, २०२४ मध्ये ते १०८३ झाले. तेही बोलावलं त्या दिवसाचेच.

माणदेशी_पाऊल
ताई, जेवणाबद्दल तक्रार अजिबात नाही. आमच्या घरून पण पाळीनं जातं. माझं म्हणणं, तो सगळा भार वर्गणीवर का. शेतमजूर घर पण तेवढेच १२०० देतं.

खाकीतलं_घर
हे पटलं.

गावकामगार
पोलीस पाटील आहे. आमचा कायदा १९६७ चा, मानधन २०२४ ला ६५०० वरून १५००० झालं, त्याबद्दल समाधान आहे. पण यात्रेचं सांगतो. परवानगीचा अर्ज, शांतता कमिटीची बैठक, पार्किंगचा नकाशा, पाळण्यावाल्यांचे कागद, सगळ्यासाठी तालुक्याला हेलपाटे. सकाळची गाडी चुकली की स्वतःची मोटारसायकल, पेट्रोल खिशातलं. चोरीचं म्हणाल तर ग्राम सुरक्षा यंत्रणेचा एक टोल फ्री नंबर आहे. त्यावर बोललं की गावातल्या सगळ्या फोनवर एकदम आवाज जातो. आमच्याकडे दोनदा उपयोग झाला, एकदा शेळीचोर आणि एकदा गंजीला आग. आगीत निम्मं गाव बादल्या घेऊन आलं. ज्यांच्या गावात नोंदणी नाही त्यांनी करून घ्या.

आणखी एक. मुक्कामाची गाडी असायची तेव्हा पारावर रात्री अकरापर्यंत माणसं बसलेली असायची, ड्रायव्हरशी गप्पा मारत. पहाटे चारला परत हालचाल. चोराला वेळच मिळायचा नाही. आता आठला गाव चिडीचूप.

सुगरण_नांदेड
हे अगदी खरंय पाटील!! आमच्या आबांचा आणि एका ड्रायव्हरकाकांचा सोंगट्यांचा डाव वर्षभर चालला होता. हिशोब भिंतीवर कोळशाने.

काळी_पिवळी
मी वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी चालवतो, चौदा वर्षं झाली. सगळेजण वडापवाल्याला दोष देतात म्हणून लिहितो. होय, जास्त माणसं बसवतो. नऊची गाडी आणि चौदा बसतात. मागचा हप्ता, टायर, डिझेल. पण रात्री दोनला बाळंतीण कोण नेतं? मी. आजवर सात नेल्या, एक मुलगा गाडीतच झाला, वाटेत बाभळीखाली गाडी उभी करून. आशाताई बरोबर होत्या म्हणून निभावलं. त्याच्या बारशाला मला टोपी-उपरणं केलं. पैसे नाही घेतले त्या रात्रीचे.
मला पण भीती वाटते चौदा बसवताना. बाजाराच्या दिवशी दोन गाड्या परवान्यावर फाट्यावरून सोडायची रीतसर सोय झाली तर मी नऊच बसवीन.

आबोली_देवगड
दादा, तुमच्या हातून असंच होत राहो. आणि बाजाराला नऊच बसवा हो.

वाईकर_मावशी
पार्किंग म्हटलं की मला मांढरदेवच आठवतं. २५ जानेवारी २००५. माझी आत्या त्या दिवशी काळूबाईला वर गेली होती. चेंगराचेंगरीत शेकडो माणसं दगावली. आत्या पायरीच्या कडेला एका दुकानाच्या फळीखाली सरकली म्हणून वाचली. त्यानंतर कुठल्याही जत्रेत ती देवळापासून लांब उभी राहून हात जोडते. पोरं म्हणतात बॅरिकेड कशाला, गाडी इतकी लांब का लावायला लावतात. त्यांना मी आत्याजवळ नेऊन बसवते. खर्च वाटतो तो वाटू दे, वाट मोकळी पाहिजे.

घाटमाथा
मावशी 🙏

कासचा_वारा
साताऱ्याकडचं एक चांगलं उदाहरण. कास पठार २०१२ ला जागतिक वारशात आलं, त्याच्या आसपास फुलांच्या दिवसांत गाड्यांची एवढी झुंबड की फुलांतच टायर. मग कास, एकीव, आटाळी, कासाणी ह्या गावांच्या वन समितीने वनखात्याबरोबर हातात घेतलं. गाड्या लांबच्या वाहनतळावर, तिथून बस, प्रवेशाला शुल्क, आणि त्यातून गावच्याच पोरांना हंगामी काम. माझा मावसभाऊ शिट्टी घेऊन उभा असतो. शनिवार-रविवार अजूनही घाटात कोंडी होते, पण फुलात गाडी घालायची कुणाची हिंमत नाही. पावती फाडली तर पैसा कुठे गेला हे गावाला दिसलं पाहिजे, एवढंच.

सत्तरीचो_पूत
गोव्यात आमच्या सत्तरीत पावसात धबधबे बघायला भाड्याच्या गाड्या येतात, काळी पाटी पिवळी अक्षरं. रस्त्याच्या कडेला लावतात आणि संध्याकाळची बस वळणावर अडकते. त्या बसमध्ये कारखान्यातून सुटलेल्या बायका. माझी आई त्यातच असायची. घरी पोचायला नऊ. आम्ही पंचायतीत सांगून वळणावर दगड रंगवून ठेवले, आता तिथे कोण लावत नाही. पंधरा दगड आणि चुन्याचा एक डबा, एवढाच खर्च.

फाट्यावरचा
दगडाची युक्ती भारी. शेडच्या पुढे वाळूचे ट्रॅक्टर लावतात, तिथे करतो.

सुगरण_नांदेड
माणदेशी दादा, तुमची खिंड म्हणजे जिच्या तोंडाला म्हसोबा आणि दोन चिंचा आहेत ती का? माझी धाकटी जाऊ तिकडचीच.

माणदेशी_पाऊल
चिंच आता एकच राहिली ताई. रस्ता रुंद करताना दुसरी गेली. जाऊबाईंचं माहेर कोणत्या वाडीला?

सुगरण_नांदेड
विचारून सांगते. ती आत्ता बाजारला गेलीय, दीड तास झाला, परतीची गाडी नाही म्हणून स्टँडवर बसलीय बिचारी.

निवृत्त_मास्तर
बत्तीस वर्षं कंडक्टर होतो. मुलीने धागा वाचून दाखवला, तीच टाइप करते आहे.

तुमच्या आजीच्या दोन भाकऱ्या मी खाल्ल्यात. तुमच्या गावात नसतील, पण अशाच. रात्रवस्तीचा भत्ता नावाला होता, गावाने खाऊ घातलं म्हणून निभावलं. तिकिटांचा ट्रे उशाशी घेऊन टपावर झोपायचो. एका गावात मला विंचू चावला, तर सरपंचांनी बैलगाडीत घालून रातोरात सात मैल नेलं. त्या सरपंचांच्या नातवाच्या लग्नाला परवा जाऊन आलो.

वस्तीच्या गाड्या का गेल्या तेही सांगतो. चालक कमी झाले. गाड्या जुन्या झाल्या. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही : आता महिला वाहक पुष्कळ आहेत. त्यांनी गावात रात्री झोपायचं कुठे, जायचं कुठे? पारावर आणि ओढ्याला आमचं भागायचं, मुलीबाळींनी तसं का काढावं. ग्रामपंचायतीने एक कुलपाची खोली, दिवा, पंखा आणि स्वच्छ संडास दिला, ग्रामसभेचा ठराव करून आगारात दिला, सोबत रोजच्या प्रवाशांची यादी जोडली, तर विचार होतो. आमच्या शेजारच्या गावाने तसं केलं. ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे प्रवासी आहेतच. ते यादीत दिसले पाहिजेत. गेल्या जूनला शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात त्यांची गाडी वस्तीला आली. बायकांनी ओवाळली, ड्रायव्हर पंचवीस वर्षांचा पोरगा, त्याला काय करावं सुचेना.

खाकीतलं_घर
काका, महिला वाहकांचं लिहिलंत, फार बरं वाटलं. बंदोबस्ताला येणाऱ्या महिला पोलिसांचं पण अगदी हेच. एकच खोली बांधा, दोघींना होईल.

माणदेशी_पाऊल
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यात्रेच्या पावत्यांचे पैसे उरलेत, जुनी चावडी रिकामी पडलीय, मागे संडास बांधता येईल. आईला फोन केला, ती म्हणाली यादी मी करते, म्हाताऱ्यांची नावं मला सगळी पाठ आहेत. मास्तर, ठरावाचा मसुदा असेल तुमच्याकडे?

निवृत्त_मास्तर
आहे. शेजारच्या सरपंचांकडून प्रत आणतो. आज नको, मुलीला ड्यूटीला जायचंय. रविवारी.

सुगरण_नांदेड
जाऊबाईला गाडी मिळाली एकदाची. माहेर कुंभारवाडा म्हणते, आणि विचारतेय की तुमच्या डब्याची ती हिरवी चिंधी लुगड्याच्या काठाची होती का, कारण त्यांच्या घरून पण तसाच एक जायचा.