मदत हवी आहे: गर्टिनचं पांढरं घर
नमस्कार मंडळी, इंग्रज चित्रकार टॉमस गर्टिनच्या ‘द व्हाइट हाऊस ॲट चेल्सी’ (१८००) या जलरंगचित्राची नक्कल करतेय. थेम्सकाठचं ते इवलंसं घर आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब म्हणजे चक्क कोरा सोडलेला कागद! घोडं अडलंय आकाशात. पिवळसर वॉश (पाणी घालून पसरवलेला पातळ रंग) ओला असताना निळा लावला की हिरवट होतो, वाळल्यावर लावला तर कड उमटते. मास्किंग फ्लुइडने (रंग लागू नये म्हणून आधी लावायचं, नंतर सोलून काढायचं द्रव) घर राखलं, पण कडा कात्रीने कापल्यासारख्या येतात, अजिबात आवडल्या नाहीत. माझा कागद ३०० जीएसएम (जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत. गर्टिन खरबरीत, रंग पिणाऱ्या कार्ट्रिज कागदावर रंगवायचा. मग कागदच बदलू का? की पिवळ्या-निळ्याच्या मध्ये पातळ राखाडी थर देऊ? आणि मास्किंगशिवाय एवढीशी जागा राखून वॉश कसा ओढता? स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगा, व्हिडिओ पुष्कळ बघून झालेत.