अनुभव धागा : पडीक अलॉटमेंट प्लॉट हाती आला तेव्हा…

मागच्या आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीला रेडिंगला प्लॉट मिळाला. चार वर्षं वेटिंग लिस्टवर होती, चावी घेऊन हौसेनं गेली आणि तिथूनच मला फोन केला तर आवाज रडवेला, कारण समोर खांद्याएवढं ब्रॅम्बलचं काटेरी जाळं, मोडकं शेड, गवतात काचा, आणि करारात लिहिलेलं की ठरावीक मुदतीत लागवड दिसली नाही तर प्लॉट परत. तिला मी फोनवर जेवढं सुचलं तेवढं सांगितलं, पण आपल्यातले कितीतरी जण यातून गेलेत म्हणून म्हटलं सगळ्यांनाच लिहायला सांगावं. पडीक प्लॉट मिळाला तेव्हा पहिल्या वर्षी काय केलंत, काय चुकलं, काय हाती लागलं, सगळं लिहा, लांबलं तरी चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलॉटमेंट म्हणजे घरच्यापुरता भाजीपाला करायला भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्यापासून, मागणी असेल तिथे असे प्लॉट पुरवायची जबाबदारी कौन्सिलवर आहे. माप अजूनही रॉड या जुन्या इंग्रजी एककात चालतं, पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे २५० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबात बरोब्बर अडीच गुंठे. ऐकायला कमी वाटतं, पण एकट्या माणसाला शनिवार-रविवारच्या वेळात अडीच गुंठे खूप होतात. माझा सव्वा गुंठ्याचा अर्धा प्लॉट आहे तरी पहिल्या वर्षी मी फक्त तीन वाफे केले, बाकी सगळं कार्डबोर्ड आणि काळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. कार्डबोर्डची चिकटपट्टी आणि पिना आधी काढा, नाहीतर पुढची पाच वर्षं मातीतून त्याच वेचत बसाल. जुने गालिचे टाकू नका, पूर्वी लोक सर्रास टाकायचे पण त्याचे प्लास्टिकचे धागे मातीत सुटतात, आता बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. आता तुम्ही लिहा.

*

लेस्टर. आमचा प्लॉट दोन वर्षं कुणी हात न लावलेला होता. मी आणि नवऱ्यानं ठरवलं एका दिवसात उरकू, रोटाव्हेटर भाड्यानं आणला, उभा-आडवा फिरवला, संध्याकाळी काळीभोर मोकळी माती बघून इतकं समाधान वाटलं की व्हिडिओ कॉल करून बाबांना दाखवलं. बाबांची सांगलीकडे शेती, चाळीस वर्षं केलेली. त्यांनी कॅमेरा खाली धरायला सांगितला, मी मूठभर माती उचलून दाखवली, तर त्यात बोटाएवढे पांढरे तुकडे, टोकाला टोकदार कोंब. बाबा म्हणाले, "अगं ही हरळीच की. हरळीत यंत्र घालतात होय? जेवढे तुकडे केलेस तेवढी झाडं लावलीस तू." ही हरळी नव्हे, इथलं काऊच ग्रास, पण खोड तसंच, स्वभावही तोच. तीन आठवड्यांत सगळा प्लॉट हिरवागार.

मग बाबांनी सांगितलं तसं केलं. कुदळीनं तोडायचं नाही, दातेरी फोर्क घालून माती उचलायची, हलवायची आणि मूळ हातानं अख्खं ओढून काढायचं, ओलावा असताना, म्हणजे तुटत नाही. रोज संध्याकाळी एक चौरस मीटर, जास्त नाही. काढलेली मुळं कंपोस्टात टाकली नाहीत, पाण्याच्या बादलीत महिनाभर बुडवून कुजवली. बाइंडवीड नावाचं वेलीसारखं तण पण असंच, त्याची मुळं बघाल तर अगदी शेवया पडल्यासारखी. मेअर्स टेल नावाचं तण असेल तर मात्र ओढत बसू नका, त्याची मुळं दोन मीटरच्या खाली जातात, ते दिसलं की वरून कापत राहायचं, एवढंच. बाबा मागच्या वर्षी गेले. प्लॉटच्या त्या टोकाला अजून मी फोर्कनंच काम करते.

*

बर्मिंगहॅम. मला तण काढतानाच खरी भेट मिळाली. मे महिन्यात शेजारच्या प्लॉटवरच्या आजी बादलीभर तण उपटून कंपोस्टच्या ढिगाकडे निघाल्या होत्या, माझी नजर गेली आणि मी अक्षरशः ओरडले, थांबा! पान उलटं करून पाहिलं, पाठीमागे पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, बदकाच्या पायासारखा आकार. चाकवत! त्या म्हणाल्या याला आम्ही फॅट हेन म्हणतो, आणि पन्नास वर्षं उपटून फेकतोय. मी म्हटलं आमच्याकडे जुडी विकत घेतो.

बारा वर्षं मी इथे आहे, चाकवत खाल्ला नव्हता. त्या दिवशी घरी आणून निवडला, शिजवून घोटला, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी भिजवले होते असं काही नव्हतं त्यामुळे कुकरला दोन शिट्या जास्त दिल्या, ताकात बेसन कालवून घातलं, वर लसणाची चरचरीत फोडणी. मुलं म्हणाली काय हिरवं आहे हे, आणि मी एकटीनं तीन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी आजींना डब्यात नेऊन दिली, भातासकट. आता त्या माझ्यासाठी एक कोपरा न उपटता ठेवतात. पडीक जमीन उकरली की चाकवताचं मातीत पडलेलं जुनं बी उजेडात येतं आणि झपाट्यानं उगवतं, म्हणून नव्या प्लॉटवर हमखास दिसेल. फक्त आधीच्या माणसानं तणनाशक मारलं होतं का ते विचारून घ्या, आणि ओळख पटल्याशिवाय खाऊ नका.

*

ग्लासगो. छोटंसंच लिहितो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन मगच सुरुवात करा, जाड हातमोजे घाला. आमच्या प्लॉटवर ग्रीनहाऊसच्या फुटक्या काचांच्या सात बादल्या निघाल्या. आणि शेडचं छप्पर जुन्या राखाडी सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर तोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, प्लॉटच्या कमिटीला किंवा कौन्सिलला कळवा.

*

मला लिदीच्या खतानं दगा दिला, आणि हे मी दर वेळी नव्या लोकांना सांगते कारण तो उन्हाळा माझ्या मनातून गेलेला नाही. प्लॉटची माती निकस, चिकण, म्हणून एका तबेल्यातून घोड्याच्या लिदीचं छान कुजलेलं खत ट्रॉलीभर आणलं, फुकट. टोमॅटो, बटाटे, घेवडा सगळ्यांना घातलं. जूनमध्ये टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या पानासारखे गुंडाळायला लागले, पानं अरुंद, आखडलेली. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग रोग समजून झाडं उपटली. शेवटी साईटवरच्या एका जुन्या माणसानं सांगितलं की कुरणावर रुंद पानांचं तण मारायला एक औषध वापरतात, अमिनोपायरॅलिड, ते गवतातून घोड्याच्या पोटात जातं आणि न बदलता लिदीत उतरतं, खत कुजलं तरी ते टिकून राहतं. गवताच्या जातीला काही होत नाही म्हणून शेजारी लावलेला मका मात्र ठणठणीत.

तबेलेवाल्याला कल्पनाच नव्हती, त्यानं चारा बाहेरून घेतला होता. पण माझं अख्खं पहिलं पीक गेलं. आता कुठलंही खत आलं की आधी चाचणी करते. तीन कुंड्यांत ते खत आणि माती मिसळून घेवड्याचं किंवा ब्रॉड बीनचं बी लावायचं, तीन कुंड्यांत नुसती माती, आणि तीन-चार आठवडे थांबायचं. पानं सरळ आली तर खत चांगलं.

*

श्टुटगार्ट. इथे अलॉटमेंट नाही, त्याचाच जर्मन प्रकार, क्लाइनगार्टन, पण दुखणं तेच. १९८३ चा केंद्राचा कायदाच आहे, बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, त्यातलं घरकुल ओट्यासकट २४ चौरस मीटरपर्यंत, आणि कोर्टाच्या निकालानुसार साधारण एक तृतीयांश भाग फळं-भाज्यांचा हवा. आम्हाला मिळालेल्या बागेत नुसतं लॉन आणि थुजा या सदाहरित झाडाचं कुंपण, पार डोक्याच्या वर. बाग घेताना आधीच्या माणसाच्या झाडांची आणि घरकुलाची किंमत काढून ती आपण द्यायची असते, तेव्हा मूल्यमापनाचा कागद नीट वाचा. आमच्या कागदात थुजा आधीच्या भाडेकरूनं काढायचा असं लिहिलं होतं, आम्ही न वाचता सही केली आणि तो खर्च आमच्या गळ्यात पडला. एप्रिलमध्ये उत्साहानं करवत घेऊन गेलो तर शेजाऱ्यांनी थांबवलं, १ मार्च ते ३० सप्टेंबर कुंपणं मुळासकट तोडायची नाहीत, पक्ष्यांची घरटी असतात. तोवर लॉन उकरून बटाटे लावले. पडीक जमिनीला बटाट्यासारखं पहिलं पीक नाही, लावताना, भर घालताना, काढताना तीनदा माती आपोआप उलटते.

*

लंडन, हॅरोजवळ. आपल्या भाज्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. किराणातली मेथी सरळ पेरा, मस्त येते. कोथिंबीर मेमध्ये पेरली की जूनमध्ये फुलावर जाते, ऑगस्टात पेरा. वालाचा मात्र मी तीन वर्षं हट्ट केला. वेल असा चढायचा की लोक थांबून बघायचे, पण फूल नाही, कारण वालाला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात आणि इथे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड. सप्टेंबरअखेर जांभळी फुलं आली आणि शेंग धरायच्या आत हिमकडाका. आता रनर बीन्स, म्हणजे घेवड्यासारख्या वेलीवरच्या शेंगा, लावते, कोवळ्या शेंगा तोडून ओलं खोबरं घालून करते. डाळिंब्यांची उसळ नाही ती, पण जूनपासून वेल लाल फुलांनी भरतो तेव्हा बरं वाटतं.

*

मी ती रेडिंगची मैत्रीण. सगळं दोनदा वाचलं. काल-परवा जाऊन आले. ब्रॅम्बल सगळं तोडलं नाही, फक्त दारापासून शेडपर्यंत वाट केली. तिथे गंजका पन्हाळी पत्रा पडलेला, तो उचलला तर खाली चकचकीत तांबूस तीन साप! मी मागे पळाले, तर पलीकडच्या काकांनी येऊन पाहिलं आणि सांगितलं की साप नाहीत, स्लो वर्म, पाय नसलेला सरडा, गोगलगायी खातो, आणि कायद्यानं संरक्षित आहे, इजा करायची नाही. पत्रा हलक्या हातानं होता तसा ठेवला. तो कोपरा आता त्यांचाच.

शेडच्या मागे गवतात आंबट देठांच्या रूबार्बचे दोन मोठे गड्डे सापडले, आधीच्या कुणीतरी लावलेले. काका म्हणाले हलवू नकोस, पहिल्या वर्षी देठ जास्त तोडू नकोस. एक वाफा केला, सव्वा मीटर बाय तीन. फोर्कनं. मुळांची एक बादली भरली, पाण्यात बुडवली. वाफ्यात लसणाच्या ४० पाकळ्या लावल्या, टोक वर करून, वीतभर अंतरावर. बाकी सगळं ताडपत्रीखाली. खताची चाचणी सोमवारी लावते.