‘गो’चं भूतकाळी रूप ‘वेन्ट’ कुठून आलं?

वर एकाने लिहिलंय की ‘गो’चाच उच्चार झिजत ‘वेन्ट’ झाला. तसं नाही. हे मुळात दुसऱ्याच क्रियापदाचं रूप आहे.

जुन्या इंग्रजीत ‘गान’ म्हणजे जाणे आणि त्याचा भूतकाळ ‘एओदे’. म्हणजे जोडी तेव्हाही विजोडच! शेजारी ‘वेन्दन’ होतं: वळणे, वळवणे. त्याचं पुढे ‘वेन्ड’ झालं, अर्थ वाट धरणे, जाणे इकडे सरकला, आणि ‘सेन्ड-सेन्ट’, ‘बेन्ड-बेन्ट’च्या चालीवर भूतकाळ ‘वेन्ट’. साधारण 1500पर्यंत ‘गो’ने तो पुरता गिळंकृत केला. ‘वेन्ड’ला मग ‘वेन्डेड’ हे नवं रूप वापरावं लागलं. आज ते क्रियापद ‘वेन्ड वन्स वे’ (wend one's way, म्हणजे आपल्या वाटेने जाणे) यासारख्या प्रयोगात तग धरून आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र ‘गो’च्या भूतकाळाचं ‘गेड’ असं सरळ रूप घडलं.

याला इंग्रजीचा विक्षिप्तपणा म्हणणाऱ्यांनी आपलं ‘जाणे’ बघावं. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा (याति, प्राकृत जाइ), तर ‘गेला’ ‘गम्’चा: ‘गत’, प्राकृत ‘गअ’, त्याला ‘इल्ल’ प्रत्यय. लहान मुलं ‘जाला’ म्हणतात, तिकडची ‘गो’ला ‘एड’ जोडून ‘गोड’ (goed) म्हणतात. दोघांचंही व्याकरण बिनचूक असतं, घोळ भाषेचा आहे.