शब्द टाईप केला की वस्तू तयार होते तो गेम, चौथीतल्या मुलीसाठी कुठला भाग घेऊ?

चहा_चकली
नमस्कार मंडळी, मदत हवीये. जावेकडे गेलो होतो तेव्हा तिचा मुलगा एक गेम खेळत होता, कोंबड्यासारखी टोपी घातलेला एक छोटा पोरगा असतो आणि वहीत इंग्लिश शब्द लिहिला की ती वस्तू धपकन समोर येते. लॅडर लिहिलं की शिडी, एलिफंट लिहिलं की चक्क हत्ती. माझी लेक चौथीत आहे, सेमी इंग्लिश. ती त्याच्याशेजारी जी बसली ती जेवायला पण उठेना आणि घरी आल्यापासून तेच चालूये. नाव स्क्रिबलनॉट्स एवढं कळलं, पण शोधायला गेले तर चार-पाच भाग दिसतायत. नक्की कुठला घेऊ? आमच्याकडे साधा लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही. मराठीत असतो का? आणि तिचं स्पेलिंग कच्चं आहे, तिथे अडून बसेल का?

सांगलीचा_गेमर
ताई, डोळे झाकून स्क्रिबलनॉट्स अनलिमिटेड घ्या. 2012 चा आहे, टूडी आहे, साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो. मराठीत नाही, शब्द इंग्लिशमध्येच टाईप करावे लागतात.

आता थोडं सविस्तर सांगतो कारण हा माझा फार आवडता विषय आहे. पहिला भाग 2009 मध्ये निन्टेन्डो डीएसवर (हातात धरून खेळायचं छोटं गेमिंग यंत्र) आला, फिफ्थ सेल नावाच्या अमेरिकन कंपनीने बनवला होता. त्या एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये 22,802 शब्द होते! प्रत्येक वस्तूला वेगळा प्रोग्राम लिहीत बसले असते तर जन्म गेला असता. त्यांनी वस्तूंचे गट पाडले, गटाखाली उपगट, आणि वरच्या गटाचे गुण खालच्याला आपोआप लागू. म्हणजे प्राणी म्हटल्यावर तो काय खातो, कुणाला घाबरतो, पेटतो का, पाण्यात तरंगतो का, हे सगळं गटातूनच येतं. म्हणून तर उंदीर आणि मांजर शेजारी शेजारी लिहिले की पुढचं आपसूक घडतं, कुणी ते दृश्य मुद्दाम रचून ठेवलेलं नसतं. व्हँपायर लिहा आणि त्याच्यासमोर गार्लिक लिहा, पळत सुटतो.

त्या वर्षीच्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात खेळून आलेल्या एकाने लिहिलेला किस्सा तेव्हा सगळीकडे फिरला होता. रोबो झोंबींशी लढताना कुठलंच हत्यार पुरेना, मग पठ्ठ्याने टाईम मशीन लिहिलं, भूतकाळात गेला, तिथून डायनासोर घेऊन आला आणि झोंबींना तुडवलं. गेम विकला गेला त्यात या किश्शाचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

पण तो पहिला भाग आता घेऊ नका. मॅक्सवेलला (तोच टोपीवाला) स्टायलसने (स्क्रीनवर टेकवायच्या पेनने) टॅप करून चालवावं लागायचं आणि वस्तू उचलायला जावं तर हा दरीत उडी मारायचा. 2010 च्या सुपर स्क्रिबलनॉट्समध्ये ते सुधारलं आणि विशेषणं आली, म्हणजे वस्तूच्या नावाला विशेषण जोडून लिहिता येऊ लागलं. अनलिमिटेडमध्ये विशेषणं आहेतच, वर मोठं मोकळं जग आहे. मॅक्सवेलची बहीण लिली शापाने हळूहळू दगड होत चाललीये आणि तिला वाचवायला लोकांच्या अडचणी सोडवत स्टाराइट (बक्षीस म्हणून मिळणारे जादुई तारे) जमवायचे. गोष्ट लहान मुलांना पटकन भिडते.

पाटी_पेन्सिल
सांगलीकरांशी सहमत. मी प्राथमिकला शिकवते, भाचीला हाच गेम दिला होता म्हणून स्पेलिंगचं सांगते. चुकलं तर गेम जवळचे शब्द सुचवतो, मुलं त्यातून बरोबर शब्द निवडतात, अडून बसत नाहीत. बॅट लिहिलं तर क्रिकेटची की वटवाघूळ असंही विचारतो. शिव्या, दारू असले शब्द घेतच नाही. बंदूक, तलवार चालते, पण सगळं कार्टूनछाप.

विशेषणांचं मात्र खरंच कौतुक वाटतं. एका ठिकाणी भाचीला वाटेत सिंह नको होता. आधी तिने केज लिहिलं, ते काही जमेना. मग सिंहावर क्लिक करून त्यालाच फ्रेंडली जोडलं आणि तो गुमान उभा राहिला. मग तिला सुचलं की विंग्ड जोडून त्याच्यावर बसता येईल! विशेषण नामाचा गुण बदलतं हे मी वर्गात फळ्यावर लिहिते, इथे पोरीने ते करून पाहिलं. शब्दार्थ पाठ करून घेण्यापेक्षा मला हे शंभर पटीने मोलाचं वाटतं.

कोथरूड_एक्सप्रेस
एक गोष्ट कुणी सांगत नाहीये ती सांगतो. या गेममध्ये मोकळीक इतकी आहे की मुलं चार शब्दांवरच अडकतात. उंचावर जायचं, विंग्ज. कुणी त्रास देतंय, गन. बस, सगळा गेम त्यातच उरकतात आणि मग म्हणतात बोअर झालं. गेम यावर काहीच बोलत नाही कारण उत्तर चालतंय ना! पहिल्या भागात यावर मस्त उपाय होता, एकदा कोडं सुटलं की तेच कोडं लागोपाठ तीनदा सोडवायचं आव्हान मिळायचं आणि एकदा वापरलेला शब्द परत चालायचा नाही. खरी मजा तिथे सुरू व्हायची. झाडावरचा स्टाराइट काढायचाय, पहिल्यांदा शिडी, मग कुऱ्हाड, आणि तिसऱ्यांदा काय? तिथे डोकं चालायला लागतं.

पाटी_पेन्सिल
@कोथरूड_एक्सप्रेस अगदी! पण नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्याच दिवशी नियम लावू नका हो. आधी मनसोक्त हत्ती, डायनासोर, ब्लॅक होल काढू देत. तो धिंगाणा पण शिकणंच आहे.

चहा_चकली
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! अनलिमिटेडच घेते मग. ते 2018 चं मेगा पॅक दिसतंय ते काय आहे? आणि एकदा वापरलेला शब्द परत न वापरण्याचा नियम अनलिमिटेडमध्ये लावता येतो का?

सांगलीचा_गेमर
मेगा पॅक म्हणजे अनलिमिटेड आणि 2013 चा अनमास्क्ड एकत्र, स्विच, पीएस फोर आणि एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलसाठी. अनमास्क्डमध्ये बॅटमॅन, सुपरमॅन मंडळी आहेत, मुलीला सुपरहिरो आवडत असतील तरच मजा. तुमच्याकडे लॅपटॉप आहे तर त्याची गरज नाही, शिवाय कंट्रोलरने एकेक अक्षर निवडत बसण्यापेक्षा कीबोर्डवर हात पण बसेल. 2018 चाच शोडाऊन पण दिसेल, तो पार्टी गेमसारखा आहे, तो सोडा.

नियम घरचाच लावावा लागेल. एक साधी वही ठेवा, वापरलेला शब्द तिने त्यात लिहायचा आणि त्या दिवशी तो बंद. आणि तुम्ही शेजारी बसा ताई, खरंच. एकाने अडचण वाचायची, दुसऱ्याने शब्द सुचवायचा, असा हा गेम दोघांत जास्त रंगतो. तिला इंग्लिश शब्द आठवला नाही तर मराठीत सांगू दे, तुम्ही इंग्लिश सांगा, टाईप तिलाच करू द्या.

कोथरूड_एक्सप्रेस
आणि हा संपला की बाबा इज यू बघा, 2019 चा. त्यात टाईप करायचं नसतं, शब्दांचे ठोकळे ढकलून गेमचे नियमच बदलायचे असतात. पण तो जाम अवघड आहे, सातवी-आठवीत गेल्यावर द्या.